चव्हाट्यावरचीं चरित्रें

आमच्या घरीं पुस्तकांच्या जागा दोन. दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत ज्ञानेश्वरी, दासबोध, ज्ञानकोशाचे खंड, लोकमान्यांचें चरित्र अशी थोर मंडळी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तोंड करून उभी असते. दुसरी जागा उशाखालीं. तेथें काय असतें हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असतें, आणि प्रत्येक जण तें आपणांस ठाऊक नसल्याचें दाखवीत असतो. गेल्या भाद्रपदांत मात्र ही दुसरी जागा उघडी पडली. चार दिवसांच्या झडीनंतर अमरावतीस स्वच्छ ऊन पडलें म्हणून वहिनींनीं खोल्याखोल्यांतील गाद्या गच्चीवर नेवविल्या, आणि त्यांच्याखालून निघालेलीं पुस्तकें ओसरीवर एका ओळींत मांडून ठेवलीं.

संध्याकाळीं आम्ही फिरून आलों तों मंडळी त्या ओळीभोंवतीं जमलेली. आमच्या उशाखालचीं तीन, वडील बंधूंच्या म्हणजे दादांच्या उशाखालचीं दोन आणि धाकट्या सूनबाईंच्या उशाखालचें एक. गंमत अशी कीं, सगळीं एकाच जातीचीं निघालीं. कोणांत बावला खुनाचा खटला, कोणांत बडोद्याची राजकन्या, कोणांत निजामाचें घराणें, तर कोणांत आफ्रिकेंतील इंग्रज उमरावांच्या रात्रभर चालणाऱ्या मेजवान्या. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "बरें झालें. घरांत चरित्रग्रंथांचा व्यासंग दांडगा आहे म्हणायचा!"

आम्हीं तात्काळ इतिहासाचा आश्रय घेतला. साम्राज्याच्या काळांतील वरच्या थराचें जीवन समजल्यावांचून तो काळ समजत नाहीं, संस्थानें कां बुडालीं हें कळत नाहीं, इत्यादि. यांत असत्य कांहीं नव्हतें. पण तें पूर्ण सत्यहि नव्हतें. पूर्ण सत्य असें कीं, थोरामोठ्यांची फजिती वाचण्यांत एक प्रकारची गोडी असते, आणि ती फजिती जितक्या उंच माडीवरची तितकी ती गोडी अधिक. शेजाऱ्याच्या घरांतील भांडण भिंतीला कान लावून ऐकणें असभ्य; परंतु तेंच भांडण राजवाड्यांतलें असलें आणि त्यावर शंभर वर्षें लोटलीं, म्हणजे त्याला वाचन म्हणतात.

त्या आफ्रिकेचेंच पाहा. केनियांतील एका उंच व थंड हवेच्या खोऱ्यांत १९२० नंतर कांहीं इंग्रज उमराव जमिनी घेऊन राहिले. 'हॅपी व्हॅली' हें त्या कंपूचें नांव. मद्यपान, नशा आणि एकमेकांचे संसार मोडणें यांत त्यांचे दिवस जात. १९४१ च्या जानेवारींत त्यांच्यांतील अग्रणी लॉर्ड एरल हा नैरोबीजवळ आपल्या मोटारींत गोळी लागून मेलेला आढळला. ज्यांच्या तरुण पत्नीशीं त्याचे संबंध होते त्या सर जॉक ब्रॉटन यांच्यावर खटला झाला. ते निर्दोष सुटले, आणि १९४२ च्या डिसेंबरांत इंग्लंडांत त्यांनीं स्वतःच आपला प्राण दिला. खून कोणीं केला हें कधींच सिद्ध झालें नाहीं. जेम्स फॉक्स यांचें या प्रकरणावरील पुस्तक १९८२ सालीं निघालें, आणि तें आम्हीं दोन रात्रींत संपविलें. एरलची पहिली पत्नी आयडिना सॅकव्हिल हिनें पांच विवाह केले आणि पांचहि मोडले. तिचें चरित्र २००८ सालीं तिच्याच पणतीनें, फ्रान्सेस ऑस्बर्न यांनीं, प्रसिद्ध केलें. ही बाई आपली पणजी, ही गोष्ट घरच्यांनीं त्या पणतीपासून लहानपणीं लपवून ठेवली होती. हा मजकूर आला तेव्हां आम्ही क्षणभर थांबलों आणि पान उलटलें. तेथें अधिक थांबावयास हवें होतें, हें पुढें कळलें.

इंग्रजांच्या भानगडींपेक्षां आपल्या राजेरजवाड्यांच्या भानगडींत आपलें मन अधिक रमतें, कारण तेथील आडनांवें आपलीं असतात. बावला प्रकरण आमच्या पिढीनें आजोबांच्या तोंडून ऐकलेलें. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळीं मुंबईस मलबार हिलवर अब्दुल कादर बावला हे धनिक व्यापारी मुमताज बेगमसह आपल्या मोटारींतून चालले असतां एका तांबड्या मोटारीनें त्यांची वाट अडविली. आंतील लोकांनीं मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न केला, बावलांना गोळ्या घातल्या आणि तिच्या चेहऱ्यावर वार केले. इतक्यांत गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तेथें येऊन पोंचले. त्यांतील एकानें हातांतील गोल्फच्या काठीनें हल्लेखोरांस तोंड दिलें, म्हणून ती वांचली. मुमताज ही इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांच्या पदरीं असलेली, आणि तेथून निसटून आलेली. मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति क्रम्प यांच्यापुढें नऊ आरोपींवर खटला चालला. आरोपींत दिघे, पोंडे, फणसे अशीं कानांस ओळखीचीं आडनांवें होतीं, आणि फणशांच्या बचावास बॅरिस्टर जिना उभे होते. मे महिन्यांत निकाल लागून तिघांस फांशी फर्मावली गेली, आणखी कांहींना काळें पाणी झालें. महाराजांवर कोणत्याहि न्यायालयांत खटला झाला नाहीं. चौकशी मंडळास तोंड देणें किंवा गादी सोडणें असा पेंच पडल्यावर १९२६ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मुलाच्या नांवें राज्यत्याग केला. दोन वर्षांनीं नॅन्सी मिलर या अमेरिकन युवतीशीं त्यांचा विवाह झाला, ती शर्मिष्ठादेवी झाली. चित्रपटवाल्यांस तर तेवढाहि धीर निघाला नव्हता. खटल्याच्याच वर्षीं मुंबईच्या कोहिनूर कंपनीनें 'कुलीन कांता' हा मूकपट काढला.

हें सर्व आम्हांस तोंडपाठ होतें. मोटारीचा रंग ठाऊक, काठी कसली तेंहि ठाऊक. परंतु मुमताजनें न्यायालयांत दिलेल्या जबानींत एक गोष्ट सांगितली होती, ती आम्हांस कधींच आठवत नसे. इंदुरास तिला एक मुलगी झाली होती. ती दायांनीं मारली असें तिचें म्हणणें होतें, आणि त्यानंतर तिला तेथें राहवेना. साऱ्या प्रकरणांत एका बाईच्या निघून जाण्याचें हें कारण. आणि आम्ही वर्षानुवर्षें तांबड्या मोटारीच्या मागें धांवत होतों!

बडोद्याच्या इंदिराराजे यांची कथा त्या मानानें सुखाची. सयाजीराव गायकवाड महाराजांची ही कन्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशीं तिचें लग्न ठरलेलें होतें. १९११ च्या दिल्ली दरबारांत कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशीं तिची गांठ पडली. याच दरबारांत सयाजीरावांनीं बादशहापुढें एकदांच वांकून पाठ फिरविली असा गवगवा झाला होता, त्यामुळें बापाचें मन आधींच त्रस्त. तशांत लेकीनें शिंद्यांना स्वतःच्या हातानें पत्र लिहून लग्न मोडलें. आणि पत्राचा अर्थ काय असें विचारणारी तार ग्वाल्हेरहून आली तेव्हां कुठें आईबापांस ही वार्ता कळली! ज्या राजानें १९०६ सालीं आपल्या राज्यांत मुलामुलींचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, त्याच्याच मुलीनें शिकून पहिलें महत्त्वाचें पत्र लिहिलें तें हें. १९१३ सालीं तिनें लंडनमध्यें जितेंद्रनारायणांशीं लग्न लाविलें. आईबाप त्यास हजर नव्हते. आमच्या घरीं ही कथा सूनबाईंच्या आवडीची. त्या म्हणतात, "पळून नाहीं गेली हो, पत्र लिहून गेली."

आणि निजामाच्या घराण्याचें पुस्तक तर वऱ्हाडच्या माणसानें वाचलेंच पाहिजे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभारांत गेला, आणि १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें वर्षास २५ लक्ष रुपयांवर तो कायमचा पट्ट्यानें घेतला. पुढें १९३६ च्या करारानें निजामाचें मन राखण्याकरितां त्याच्या वडील मुलास 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब देण्यांत आला. म्हणजे अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणें येथील कपाशीच्या शेतकऱ्यांना एक युवराज मिळाला, आणि एक युवराज्ञीहि. ती दुर्रुशेहवार, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची एकुलती एक कन्या. १९२४ सालीं खिलाफत रद्द झाल्यावर हें कुटुंब फ्रान्सांत नीस येथें जाऊन राहिलें, आणि १९३१ सालीं तेथेंच तिचा आझम जाह यांच्याशीं विवाह झाला. तिच्या रूपाचीं आणि चालीरीतींतील डौलाचीं वर्णनें त्या काळच्या लेखकांनीं भरभरून केलीं आहेत; तिच्या नांवाचा दवाखाना हैदराबादेस उभा आहे. युवराजांच्या कर्जांच्या व ख्यालीखुशालीच्या कथा मात्र इतक्या झाल्या कीं, निजामानें मुलास वगळून नातवास वारस ठरविलें. १९६७ सालीं निजाम वारले व मुकर्रम जाह त्यांच्या जागीं बसले. त्या नातवाचें चरित्र जॉन झुब्रझिकी यांनीं २००६ सालीं लिहिलें. त्याच वर्षीं आमची ही युवराज्ञी लंडन येथें निवर्तली.

याप्रमाणें त्या संध्याकाळीं ओसरीवर आमचा ज्ञानयज्ञ चालला असतां आमची पुतणी, जी एक जुनें छायाचित्र हातांत घेऊन बराच वेळ गप्प बसली होती, ती म्हणाली, "काका, दुर्रुशेहवारच्या बापाचें नांव, गांव, हद्दपारीचें साल, सगळें तुम्हांला पाठ आहे. मग एक सांगा. तुमच्या आजोबांना बहिणी किती होत्या?"

"एक," आम्हीं म्हटलें.

"मग या फोटोंत दोन मुली कशा?"

येथें थोडें मागें गेलें पाहिजे. आमच्या कुळाचा कुलवृत्तांत पूर्वींच्या पिढीनें एकदां छापला होता. त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ति काढण्याचें कुलबंधूंनीं ठरविलें आहे, आणि अकोला-अमरावती शाखेची माहिती भरून पाठविण्याचें काम आमच्याकडे आलें आहे. छापील तक्ता असा: नांव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, विवाह, संतति. जुन्या आवृत्तींत आमच्या पणजोबांच्या नांवापुढें 'पुत्र ३, कन्या १' एवढीच नोंद आहे. पुतणी त्याकरितांच जुनीं छायाचित्रें नीट करीत होती. हें छायाचित्र १९१४-१५ च्या सुमाराचें, अकोल्याच्या वाड्यांत काढलेलें. पणजोबा पगडी घालून खुर्चीवर, मागें मुलगे, आणि पुढें सतरंजीवर परकर-पोलक्यांतील दोन मुली, एकमेकींचा हात धरून बसलेल्या. मागच्या बाजूस शाईनें प्रत्येकाचें नांव लिहिलेलें. एका मुलीच्या जागीं मात्र कागद खरवडलेला.

दादा छायाचित्राकडे पाहून म्हणाले, "असेल कोणी शेजारची." आणि उठून आंत गेले. शेजारच्या मुलीचें नांव कोणी चाकूनें खरवडीत नाहीं, हें त्यांनाहि कळत होतें.

पुढच्या रविवारीं आम्ही आणि पुतणी बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गें अकोल्यास गेलों. मोर्णेच्या कांठीं जुन्या शहरांत आमचा वाडा अजून आहे. चुलतबंधु व आमच्या वृद्ध काकू तेथें राहतात. काकूंनीं नव्वदी ओलांडली आहे. छायाचित्र पुढें ठेवलें तेव्हां त्यांनीं तें डोळ्यांजवळ नेलें, दूर नेलें, आणि "मला कांहीं ठाऊक नाहीं रे बाळ," म्हणून वाती वळावयास घेतल्या. आम्ही माळ्यावर चढलों. पणजोबा अकोल्यांत वकिली करीत, आणि वकिलीपेक्षांहि नेमानें रोजकीर्द लिहीत. तीस वर्षांच्या त्या वह्या एका लांकडी पेटींत लाल फडक्यांत बांधलेल्या होत्या. अक्षर मोडी. आम्हांस मोडी अडखळत येते. दुपारभर बसून आम्हीं इकडचीं तिकडचीं पानें लावलीं. सरकीचे भाव, पक्षकारांकडून आलेली फी, मुंजीचा खर्च, १९१८ च्या इन्फ्लुएंझांतील औषधांचीं बिलें, आणि त्याच वर्षीं, "जांवई वारले, कन्येस घरीं आणिलें, बैलगाडी भाडें."

मग शके १८४७ चा ज्येष्ठ महिना लागला, म्हणजे इसवी सन १९२५. वद्य पक्षांतील एका दिवसाखालीं नोंद होती: घटस्फोटविधि, मातीचा घट एक, दर्भ, भटजींस दक्षिणा पांच रुपये. आणि त्याच पानावर, तीन ओळी खालीं, त्याच हातानें, त्याच शाईनें: बावला खटल्याचें पुस्तक, आठ आणे.

घटस्फोट या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ येथें घेऊन चालणार नाहीं. जुन्या धर्मशास्त्रांत घटस्फोट म्हणजे पतित ठरलेल्या माणसास जिवंतपणीं मेलेलें मानण्याचा विधि. पाण्यानें भरलेला घट लाथेनें पालथा करावयाचा, जिवंत माणसाचें सुतक धरावयाचें, आणि त्या दिवसापासून त्याच्याशीं बोलणें-बसणें बंद. पणजोबांनीं पांच रुपयांत आपली मुलगी मारली, आणि आठ आण्यांत एका परक्या बाईची कथा विकत आणून रात्रीं कंदिलाच्या उजेडांत वाचली. त्यांस नांवें ठेवण्याची आमची छाती नाहीं. तें पुस्तक उशाखालीं ठेवण्याची रीत आम्हांपर्यंत त्यांच्याकडूनच आली आहे.

परत आल्यावर दादांस तें पान दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून दोनदां वाचलें आणि वही मिटली. "पुतणीच्या लग्नाचें बोलणें चाललें आहे," ते म्हणाले. "हा वृत्तांत कुळांतल्या घरोघरीं जाणार. आपल्या हातानें आपल्या घराची लक्तरें वेशीवर कशाला टांगायचीं?"

आम्हीं म्हटलें, "दादा, होळकरांचीं टांगलेलीं आपण दोघेहि पाहतोंच कीं."

"तें वेगळें. तीं राजेरजवाड्यांचीं माणसें." असें म्हणून ते थांबले, आपलें वाक्य आपल्याच कानांस कसें लागलें हें त्यांच्या चेहऱ्यावर दिसलें. परंतु दादा वकिलाच्या वंशांतले. थोड्या वेळानें त्यांनीं जो प्रश्न विचारला त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ते म्हणाले, "बरें, माझी लाज बाजूस ठेव. तिचें काय? शंभर वर्षें जिचें नांव कोणीं काढलें नाहीं, तिचें आज पुस्तकांत छापायचें, हें तिला आवडलें असतें असें तुला कोणीं सांगितलें? कीं ही सुद्धां तुझी उशाखालचीच हौस?"

हा बाण वर्मीं लागला. कारण आम्हीं मनांतल्या मनांत त्या मुलीची कथा रंगवावयास सुरुवात केलीच होती. कोणाबरोबर गेली, रात्रीं गेली कीं पहांटे, पत्र लिहून गेली कीं न लिहितां. मुमताजच्या जबानींतलें लेंकरूं विसरून तांबडी मोटार लक्षांत ठेवणारे आम्ही, आमच्याच आजीच्या नणंदेकडे त्याच डोळ्यांनीं पाहत होतों.

म्हणून आम्ही पुन्हां अकोल्यास गेलों, या खेपेस एकटे. वही नेली नाहीं, छायाचित्र नेलें नाहीं. काकूंजवळ बसून एवढेंच विचारलें, "काकू, त्यांना काय आवडलें असतें?"

काकू पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आत्याबाई मेल्या नव्हत्या रे. मी पाहिलें आहे त्यांना."

आणि त्यांनीं जें सांगितलें तें असें. त्या मुलीचें लग्न नवव्या वर्षीं झालें, अकराव्या वर्षीं कपाळ पांढरें झालें. आमची आजी त्याच सुमारास सून म्हणून या वाड्यांत आली; दोघी एकाच वयाच्या. सोवळ्यांतली नणंद आणि सवाष्ण भावजय माडीवर दार लावून सागरगोटे खेळत. अठराव्या वर्षीं ती नणंद एका जिनिंग फॅक्टरींतील कारकुनाबरोबर निघून गेली; तो दुसऱ्या जातीचा. त्यांनीं नोंदणी करून रीतसर लग्न केलें. असें लग्न धर्म न सोडतां लावण्याची सोय १९२३ च्या कायद्यानें झालेली होती, आणि तो कायदा घडवून आणणारे डॉ. हरिसिंग गौर हे आपल्या नागपुरासच वकिली केलेले गृहस्थ. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा तर १८५६ पासूनचा. म्हणजे कायद्याचें पुस्तक ज्या घरांत होतें, त्या घरांत कायद्यानें निर्दोष ठरणाऱ्या मुलीचें सुतक पाळलें गेलें. पुढें ती परिचारिकेचें काम शिकली. नवरा लवकर वारला. मूल नव्हतें. तिनें उभा जन्म दुसऱ्यांचीं बाळंतपणें केलीं.

"लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षीं," काकू म्हणाल्या, "सासूबाई मला नवरात्रांत अमरावतीस अंबादेवीला घेऊन गेल्या. ओटी भरून झाल्यावर देवळामागें नेलें. तिथें एक बाई उभ्या होत्या, पांढऱ्या सुती पातळांतल्या. सासूबाई म्हणाल्या, 'या आत्याबाई, पायां पड. आणि घरीं बोलूं नकोस.' त्या दोघी हात धरून बसल्या. दर नवरात्रांत भेटायच्या म्हणे, कितीक वर्षें. सासूबाई खण न्यायच्या, त्या घेऊन डोळ्यांना लावायच्या. निघतांना आत्याबाईंनीं एकच विचारलें. पोथीच्या शेवटच्या पानावर माझें नांव अजून आहे का?"

आमच्या जुन्या घरांतून जन्म लिहून ठेवावयाचे ते देवघरांतील पोथीच्या कोऱ्या पानावर. आमच्या वाड्यांत ती पोथी म्हणजे एकनाथांचें रुक्मिणीस्वयंवर. घरच्या मुलींकडून लग्न जमावें म्हणून तिचीं पारायणें करवीत. "सासूबाई सांगायच्या, आहे," काकू म्हणाल्या. "दर वर्षीं हेंच विचारायच्या, आणि दर वर्षीं हेंच सांगायच्या. एके वर्षीं आत्याबाई आल्या नाहींत. सासूबाई दिवेलागणीपर्यंत पायरीवर बसून होत्या. खण तसाच परत आणला."

आम्हीं देवघरांतून पोथी काढली. शेवटच्या पानावर पणजोबांच्याच अक्षरांत पांच जन्म लिहिलेले होते. तीन मुलगे, दोन मुली. पांचवें नांव स्वच्छ होतें. ज्या हातानें छायाचित्रावरचें खरवडलें, त्या हाताला पोथीवरचें खरवडणें झालें नाहीं.

वाचकहो, अंबादेवीचें देऊळ आम्हीं जन्मभर पाहिलें आहे. विदर्भराजाची कन्या रुक्मिणी याच देवीच्या दर्शनास आली असतां श्रीकृष्णानें तिला रथांत घेतलें, असें आम्ही वऱ्हाडची माणसें अभिमानानें सांगतों. तिचें माहेर कौंडिण्यपूर वर्धेच्या तीरावर आमच्याच जिल्ह्यांत आहे. भावानें ठरविलेला वर नाकारून, ब्राह्मणाच्या हातीं पत्र देऊन, लग्नाच्या आदल्या दिवशीं निघून गेलेली ती मुलगी. तिची कथा आम्ही सोंवळ्यानें वाचतों, राजकन्या इंदिरेची उशाखालीं ठेवतों, मुमताजची चवीनें सांगतों. आणि घरची एकच कथा तेवढी खरवडून टाकतों. एकच गोष्ट देवळांत पुण्य, राजवाड्यांत करमणूक आणि वाड्यांत पातक कशी होते, याचें उत्तर आम्हांस कोणत्याहि चरित्रग्रंथांत सांपडलेलें नाहीं.

अमरावतीस परत येऊन आम्हीं तक्ता भरला. आत्याबाईंचें नांव, जन्म १९०७, प्रथम विवाह, पति निवर्तले १९१८, द्वितीय विवाह १९२५, आणि त्या गृहस्थांचें नांव, व्यवसाय परिचारिका. 'कन्या १' याच्या जागीं 'कन्या २'. आणखी एक शब्दहि नाहीं, कारण आणखी शब्द म्हणजे पुन्हां तांबडी मोटार. तक्ता व पोथी दादांच्या टेबलावर ठेवून आम्ही झोंपावयास गेलों. पुतणीनें त्यांस आधींच सांगून ठेवलें होतें कीं, ज्या घरास पणजोबांची बहीण खुपेल त्या घरीं आपणांसहि करमणार नाहीं.

सकाळीं तक्ता आमच्या टेबलावर परत आला होता. दादांनीं सही केली नव्हती. परंतु जन्मतिथीच्या रकान्यांत त्यांच्या टोकदार अक्षरांत एक दुरुस्ती होती. पोथींतील मोडी वाचतांना आम्हीं षष्ठीची पंचमी केली होती. ती त्यांनीं खोडून पुन्हां षष्ठी केली होती. आम्हांस तेवढी संमति पुरेशी वाटली. त्याच दुपारीं तक्ता टपालांत टाकला.

राहिलीं तीं पुस्तकें. वहिनींनीं तीं आपल्या हातानें पुसून दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत, लोकमान्यांच्या शेजारीं लावून ठेवलीं आहेत. आम्ही अजूनहि तीं वाचतों, गोडीनें वाचतों; मात्र जबान्यांचीं पानें आतां गाळीत नाहीं. आणि आत्याबाईंचें नांव या लेखांत आम्हीं दिलेलें नाहीं, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. तें लाजेनें नव्हे. चव्हाट्यावर पुष्कळांचीं नांवें आहेत. त्यांना हवें होतें तें घरांतल्या पोथीच्या शेवटच्या पानावर.